भूज पाहून आलात, आता आपले खांब पाहा

भूज आता पूर्वीपेक्षा देखणे झाले, असे कौतुकाने सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाआधी ज्या बोळांतून मी हिंडलो, तिथे परवा गेलो तर रुंद रस्ते. ते हवेच होते. चिंचोळ्या गल्ल्यांत दगडी घरे कोसळली तेव्हा पळायला वाट उरली नव्हती. भुजिया डुंगरावर २०२२ साली स्मृतिवन झाले, तेही योग्यच. माझे भांडण आहे ते एवढ्यावर समाधान मानून घरी परतणाऱ्या आम्हा बडोदेकरांशी.

भूकंपाचे केंद्र भचाऊजवळ होते. तरी दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या, शेकडो माणसे गेली. त्यांतल्या कित्येक इमारतींना तळाशी भिंतीच नव्हत्या. गाड्या ठेवायला नुसते खांब. वर भिंतींचा ताठ डोलारा, खाली उघडे पाय: हादऱ्यात ते पायच आधी मोडतात. १९९३ साली किल्लारीला दगडमातीच्या भिंती कोसळल्या, तेव्हा ‘अडाणी बांधकाम’ म्हणून आपण हळहळलो. अहमदाबादेत शिकल्यासवरल्यांचे सिमेंट कोसळले, त्याला काय म्हणायचे?

फ्लॅट घेताना आपण देवघराची दिशा विचारतो, फरशीचा रंग विचारतो. खांबांचा हिशेब भूकंप धरून केला आहे का, हे बिल्डरला विचारताना मात्र भीड पडते.

वाचकहो, स्मृतिवनात जरूर हात जोडा. पण सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगकामाआधी खांबांची तपासणी मांडा. आपल्या नातवंडांची नावे कुठल्याही स्मारकावर कोरली जायला नकोत.