एका कान्याचा प्रश्न

मराठीत आज्ञा करणे व्याकरणाच्या दृष्टीने फार सोपे. धातू जसाच्या तसा उच्चारला की एकवचनी आज्ञार्थ झाला: कर, बस, चल. काना दिला की अनेकवचन, म्हणजेच आदर: करा, बसा, चला. स्पॅनिशमध्ये 'बोल'चे 'बोला' करायचे तर 'आब्ला'चे 'आब्ले' होते. तिथेही सारा फरक एका स्वराचाच. मात्र हा काना कोणाच्या वाट्याला यावा, हे मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या जाडजूड व्याकरणाने ठरवलेले नाही. ते गाव ठरवते.

आमच्या जिंतूरकडे साठीच्या सालगड्याला 'बैल सोड' म्हणतात, आणि तोच सालगडी मालकाच्या दहा वर्षांच्या पोराला 'बसा, मालक' म्हणतो. (सरकारी कागद बरा, 'अर्ज सादर करावा' असा विध्यर्थ वापरून तो सगळ्यांनाच सारखे लेखतो.)

कोणी म्हणेल, एकवचनात जिव्हाळाही असतो. खरे आहे. वडिलांना आपण 'द्या' म्हणतो, आईला 'दे'. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई तर विठ्ठलालाही अरेतुरे करीत. पण आई आपल्याला 'तू' म्हणते आणि आपण आईला. हा हक्क दोन्हीकडून असतो. सालगड्याने मालकाला उलट 'बैल सोड' म्हणून पाहावे!

आपल्या महाविद्यालयातही 'शिपाईमामा' अशी गोड हाक मारून पुढे 'पाणी आण' म्हणणारे आहेत. मामा म्हणायचे तर 'आणा' म्हणा. निदान फाटकाच्या आत तरी यंदापासून एवढे करू या.