कॅमेऱ्याची पावती कोण फाडणार?

स्वयंचलित वाहतूक कॅमेऱ्यांना होणारा विरोध म्हणजे बेफाम गाडी हाकण्याच्या हक्कासाठी चाललेली ओरड, हा समज सरकारी कचेऱ्यांत टिकून आहे, कारण तो सोयीचा आहे. परंतु 2025च्या जुलैच्या आरंभी मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध राज्यव्यापी संप पुकारला, त्याच महिन्यात वाहतूक विभागाच्या अपर पोलीस महासंचालकांना एक आदेश काढावा लागला, आणि पोलिसांनी खासगी मोबाईलवर छायाचित्रे टिपून पुढे सवडीने चलन करू नये, असे त्यात बजावावे लागले. निराधार तक्रारीवर असे आदेश सहसा निघत नाहीत.

कॅमेऱ्याची गरज पालघर जिल्ह्याला पटवून देण्याचे कारण नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलापाशी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मोटारीने अखेरचे सुमारे 20 किलोमीटर 9 मिनिटांत कापल्याचे पोलिसांनी नाक्यावरील कॅमेऱ्याच्या चित्रणावरून सांगितले. म्हणजे कॅमेऱ्याने मोटार पाहिली होती, पण वेगाचे गणित मृत्यूनंतर मांडले गेले.

असे गणित वेळेवर मांडले जावे म्हणूनच 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 136अ आले आणि ऑगस्ट 2021मध्ये केंद्रीय नियम 167अ. या नियमाने वाहनचालकाइतकेच यंत्रालाही बांधले: यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, कॅमेरा असल्याची पाटी ठळक हवी आणि गुन्ह्याची सूचना 15 दिवसांत हवी. कॅमेऱ्याची ही जणू पीयूसीच. फरक एवढाच की ट्रकचालकाला आपली पीयूसी नाक्यावर दाखवावी लागते, कॅमेऱ्याला त्याची विचारणारा कोणी भेटत नाही.

यंत्रे कोठे बसवावीत हे ठरवतानाही नियमाने एक विनोद साधला आहे. महामार्गांखेरीज दहा लाखांवरील लोकवस्तीची शहरे आणि केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमातील 132 शहरे त्याने निवडली. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या निर्देशांकात देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलेले तारापूर त्यांत नाही, आणि त्याला लागून असलेले, रसायनांचे टँकर रिचवणारे बोईसर दप्तरी ग्रामपंचायतच आहे.

खरा प्रश्न मात्र निरपराध वाहनाचा आहे. क्रमांकपट्टी आपोआप वाचणारा कॅमेरा गुन्हा करणाऱ्याबरोबर महामार्गावरील चिल्हार फाट्यावरून रोज पाळीला जाणाऱ्या कामगाराचीही वेळ नोंदवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावरील निर्बंधाला कायद्याचा आधार, गरज व प्रमाणबद्धता, म्हणजे हेतूला पुरेल एवढीच मर्यादा, या कसोट्या लावल्या; 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र गुन्ह्यांचा प्रतिबंध व तपास या नावाखाली बऱ्याच बंधनांतून सूट दिली. फ्रान्समध्ये 2018-19च्या ‘पिवळ्या जाकिटां’च्या आंदोलनात वेगमापक कॅमेरे मोठ्या संख्येने फोडले गेले, तसा मार्ग येथे कोणी सुचवलेला नाही. मागणी साधी आहे: प्रत्येक चलनावर यंत्राच्या प्रमाणपत्राचा क्रमांक व मुदत छापावी, आणि गुन्हा न केलेल्या वाहनाची नोंद किती दिवसांत पुसली जाईल, हे परिवहन विभागाने लेखी जाहीर करावे.