स्तूपाचे दार

मुंबईजवळच्या गोराई येथील विश्व विपश्यना पॅगोडा हा स्थापत्याचा खराखुरा पराक्रम आहे. म्यानमारच्या श्वेडगॉनचे रूप घेऊन उभारलेल्या या घुमटाखाली सुमारे ८००० साधक एका वेळी बसू शकतात आणि मध्ये एकही खांब नाही; एकमेकांत गुंतविलेले दगडच परस्परांना तोलून धरतात. २००९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, तेही आपल्या अमरावतीच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते.

मात्र आतील ध्यानकक्षात प्रवेश दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेल्यांनाच; इतरांनी काचेआडून पाहावे. ही अट जातीची नाही, शिबिरही निःशुल्क असते, हे मान्य. तरीही १९२७ मध्ये ज्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रहाची हाक दिली गेली, तेथील शिक्षकाला बंद दार खटकतेच. सांचीचा स्तूप भरीव आहे. २००१ मध्ये लोकार्पण झालेला नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. अकोल्याहून भाकरीचे गाठोडे घेऊन आलेली आजी तेथे थेट घुमटाखाली जाऊन उभी राहते. प्रतीक म्हणून मला तोच मोठा वाटतो. आपल्या विद्यार्थ्यांची सहल आधी नागपूरला न्यावी, मग गोराईला.