काचेचे दार कुणासाठी?



आज जरा भांडायचे आहे. वाईन प्यावी की पिऊ नये यावर नाही. तो वाद जानेवारी २०२२ मध्ये, सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचा सरकारी निर्णय आला तेव्हा, सगळ्यांनी पोटभर घालून झाला आहे. मी स्वतः घेत नाही, घेणाऱ्यांशी माझे वैर नाही. माझे भांडण आहे वाईन कूलर नावाच्या कपाटाशी. बाटल्या आडव्या ठेवायचा, काचेच्या दाराचा, आत निळा दिवा लागणारा छोटा फ्रीज. आपल्या नागपूरकर जोडप्याच्या वास्तुशांतीला वर्गणी काढून तो द्यायचा, असे घाटते आहे. वर्गणी मी जरूर देईन, पण या वस्तूला नाही. का, ते सांगते.

मुळात हे यंत्र कशाची नक्कल आहे? तळघराची. फ्रान्समध्ये जमिनीखालच्या तळघरात बाराही महिने साधारण १० ते १३ अंश तापमान राहते, उजेड नसतो, हवेत ओल असते. तिथे काही वाईन वर्षानुवर्षे मुरवतात. बाटली आडवी ठेवतात ती बूच ओले राहावे, वाळून फटीतून हवा शिरू नये म्हणून. आपल्याकडे धान्याला पेव असे, तसे ते वाईनचे पेव. ज्याला मुरवायचे आहे त्याला ते हवेच.

पण आपण मुरवतो का? नाशिक-दिंडोरीकडची बहुतेक वाईन ताजेपणी, वर्षा-दोन वर्षांत प्यायचीच असते. बऱ्याच बाटल्यांना बूचही नसते, फिरकीचे झाकण असते. मग आडवी ठेवून भिजवायचे काय? शनिवारी आणलेली बाटली रविवारी संपणाऱ्या घराने कूलर घेणे म्हणजे कोशिंबिरीसाठी लोणच्याची बरणी घेणे!

आता खरी गोम. दुकानात जे स्वस्त, लहान आणि 'अजिबात आवाज नाही' म्हणून दाखवतात, ते बहुधा थर्मोइलेक्ट्रिक जातीचे असतात. त्यात कॉम्प्रेसर नसतो. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार होते आणि दुसरी तापते, हे पेल्टिए नावाच्या फ्रेंच माणसाने १८३४ साली दाखवले. त्याच तत्त्वावर हे चालते. तत्त्व उत्तम. पण हे यंत्र ठरावीक तापमान गाठत नाही, खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी खाली जाते. साधारण १२ ते १५ धरा. युरोपातल्या २५ अंशांच्या खोलीत आत १२ झाले, ठीक. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. बंद फ्लॅटमध्ये दुपारी ३८ धरले, तरी ३८ वजा १५ म्हणजे २३. पाटीवर १२ चा आकडा लावून ठेवलात तरी आत २३ च! चौथीतल्या मुलाला जमणारी वजाबाकी आहे, पण विकणारा ती करून दाखवत नाही.

शिवाय ते बिचारे १२ गाठायच्या नादात दिवसरात्र धापा टाकत राहणार. ७० वॉटचे यंत्र अखंड चालले तर दिवसाला १.६८ युनिट, महिन्याला पन्नास. घरच्या नव्या एकदारी फ्रीजची पट्टी वाचा, तिथे अख्ख्या वर्षाचे दीडशे-दोनशे युनिट लिहिलेले सापडतील. म्हणजे फ्रीजला वर्षभर पुरते ती वीज हे कपाट तीन-चार महिन्यांत खाणार, आणि वाईन तरीही कोमटच.

आणि ते काचेचे दार! उजेड वाईनचा शत्रू, म्हणून तर बाटल्या गडद रंगाच्या करतात. मग तिला काचेमागे दिवा लावून का ठेवायचे? ती काच वाईनसाठी नाहीच, पाहुण्यांसाठी आहे. पूर्वी दिवाणखान्यात शोकेस असे, त्यात न वापरलेला टी-सेट असे. तीच शोकेस आता विजेवर चालते, एवढेच.

यावर घरातली तरुण मंडळी म्हणतात, "साध्या फ्रीजमध्ये वाईन फार गार होते, चव मरते." बरोबर आहे. फ्रीजमध्ये चार-पाच अंश असतात, पांढरी वाईन ८ ते १२ ला आणि लाल १५ ते १८ ला चांगली लागते म्हणतात. पण याचा उपाय फुकट आहे. पांढरी दहा मिनिटे आधी बाहेर काढा, लाल अर्धा तास. नागपुरात त्याहूनही कमी पुरेल! (लाल वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ती रूम जुन्या फ्रान्समधली, सतराएक अंशांची. धंतोलीतली नव्हे.)

ज्यांच्याकडे खरोखरच वर्षानुवर्षे ठेवायच्या बाटल्या आहेत, त्यांनी कूलर घ्यावा, माझी हरकत नाही. मात्र कॉम्प्रेसरचाच घ्यावा. मागच्या पट्टीवर 'क्लायमेट क्लास' बघावा. 'एन' असेल तर यंत्र ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' असेल तर ३८, 'टी' असेल तर ४३. विदर्भात 'टी'खेरीज दुसऱ्याला हात लावू नये. भिंतीला चिकटवून ठेवू नये, उष्णता बाहेर जायला जागा हवी. काच असलीच तर गडद, दुहेरी हवी. आणि हो, महाराष्ट्रात दारू बाळगायला परवाना लागतो आणि किती बाळगायची यालाही मर्यादा आहे. चाळीस कप्प्यांचा कूलर बघण्याआधी तो कागद वाचा.

तेव्हा माझे मत असे, की त्या दोघांना चार चांगले ग्लास द्यावेत आणि उरलेल्या पैशांचे एक दणकट डेझर्ट कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात आधी माणसे गार व्हायला हवीत, बाटल्यांचे नंतर पाहू.

कुणाला हे पटत नसेल तर जरूर कळवा. फक्त उत्तर देताना वजाबाकी करून द्या.