आमदारांच्या समित्यांचा खर्च

सभासद बंधूंनो, वार्षिक सभेत आपण कारखान्याच्या जीपच्या डिझेलचाही हिशेब मागतो, आणि मागावाच. मग विधिमंडळाचा का नको? राज्यघटनेच्या १८७ व्या कलमाने त्याला वेगळा कर्मचारीवर्ग दिला, सरकारच्या मर्जीवर राहू नये म्हणून. ते रास्तच. खर्च मात्र राज्याच्या अंदाजपत्रकातून, म्हणजे आपल्याच खिशातून होतो.

पंचायत राज समिती यायची म्हटली की जिल्हा परिषदेतल्या फायलींची धूळ झटकली जाते! तेव्हा दौरे बंद करा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण दौऱ्याला किती लागले, किती शिफारशी अंमलात आल्या, हे गावच्या माणसाला कळेल असे छापा. तुळजापूर, उमरगा, परंडा, धाराशिव या चारही मतदारसंघांच्या आमदारांनी एवढे सभागृहात मागावे.