वायू कोणाचा, नाव कोणावर?



शेतीतून मिथेन वायू निघतो, त्यानं धरती तापते, असं आता आपल्याला ऐकवतात. खोटं नाही. पण पिकांतला मिथेन निघतो तो मुख्य धानाच्या बांधीतून. साचल्या पाण्याखाली मातीला हवा मिळत नाही, तिथले जिवाणू हा वायू तयार करतात. सरकारच्याच २०१६ च्या हिशेबात देशाच्या शेतीतून निघणाऱ्या तापवणाऱ्या वायूंत धानाचा वाटा १७.५ टक्के आहे.

आता आपलं वऱ्हाड पाहा. बार्शीटाकळीच्या वावरात पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. धान पिकतं भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं. मग देशाचा आकडा आपल्या माथी कसा? धानवाल्या भावालाही दोष नाही, तो पोट भरतो.

आपलं लपवायचंही नाही. त्याच हिशेबात निम्म्याहून जास्त वाटा ढोरांच्या रवंथाचा आहे. ढोरं आपल्याकडंही आहेत. पऱ्हाट्या जाळल्या तरी थोडा मिथेन निघतोच.

म्हणून वायूच्या नावानं कोणी कागद आणला, तर लगेच अंगठा देऊ नका. ग्रामसभेत विचारा : हिशेब देशाचा, की आमच्या शिवाराचा? जंगल राखायचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला दिला आहे. तो वापरा.