काच की अ‍ॅक्रिलिक?

मंडळी, मोठा फिशटँक घ्यायला गेलं की दुकानदार म्हणतो, "अ‍ॅक्रिलिक घ्या, हलकं असतं." हिशेब करा. १२० × ४५ × ४५ सें.मी.च्या टँकमध्ये नुसतं पाणीच २४३ किलो! १० मि.मी. काचेचा टँक पन्नासेक किलोचा, तेवढ्याच जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा निम्म्याहून थोडा कमी. वाचले किती? वुडलँड्सच्या आपल्या एचडीबी फ्लॅटमध्ये खरी काळजी पाण्याची. टँक खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत ठेवा. त्याआधी एचडीबीकडे चौकशी करा.

अ‍ॅक्रिलिक सहसा फुटत नाही, लहान मुलांच्या घरी हे मोठंच सुख. पण आमच्या सासूबाई पुण्याहून आल्या, त्यांना शेवाळ दिसलं, आणि त्यांनी प्रेमाने भांड्यांची घासणी फिरवली! ओरखडे पॉलिशने जातात म्हणे, पण त्यासाठी टँक रिकामा कोण करणार? पुढचा काचेचा घेतला.